क्लबचं नाव ‘क्रोएशिया’ असलं तर बिघडलं कुठे?

मागच्या सीझनला एका शुक्रवारी रात्री लेकाला घेऊन सनशाइन नॉर्थला सॉमर्स स्ट्रीटवर मेलबर्न नाइट्स या सॉकर क्लबची मॅच बघायला गेलो होतो. मेलबर्नचा तो भाग ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीय, सगळी गोडाऊनं, पत्र्याच्या शेड्स, ट्रक लावायच्या जागा, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध एकदम फ्लडलाइट लागलेलं ग्राउंड आणि मांस भाजल्याचा खमंग वास. चेवापी म्हणतात त्याला, बोटाएवढे कबाब असतात, पावात भरून देतात, बरोबर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि आयवार नावाची लाल ढोबळी मिरची भाजून केलेली चटणी. पैसे घेणाऱ्या काकूंनी लेकाकडे बघून दोन कबाब जास्तीचे टाकले. मॅच सुरू झाली आणि पाच मिनिटांत लेकाने विचारलं, बाबा, बोर्डवर तर नाइट्स लिहिलंय, मग हे सगळे क्रोएशिया क्रोएशिया असं का ओरडतायत?

दहा वर्षांच्या पोराला तिथे बसून जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पण उत्तर तेवढ्यात संपत नाही. आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे म्हणून इथे सविस्तर लिहितोय. त्या क्लबला ‘क्रोएशिया’ हे त्याचं नाव सोडायला लावलं ही चूक होती, ते नाव त्यांना परत घ्यायचं असेल तर मोकळ्या मनाने घेऊ द्यावं, आणि ते घेताना त्या नावाखाली जी घाण शिरलीय ती त्यांनी स्वतः साफ करावी. या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात म्हणतोय, आणि बऱ्याच लोकांना त्यातली एकच ऐकायची असते.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय काही कळत नाही. हा मेलबर्न नाइट्स क्लब १९५३ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नाव सरळ क्रोएशिया होतं. सिडनीतला सिडनी क्रोएशिया, ज्याला आता सिडनी युनायटेड ५८ म्हणतात, तो १९५८ चा. कॅनडातला टोरांटो क्रोएशिया १९५६ चा. ही सालं जरा बघा. तेव्हा क्रोएशिया नावाचा स्वतंत्र देश जगाच्या नकाशावर नव्हताच, टिटो या कम्युनिस्ट नेत्याचा युगोस्लाव्हिया होता, क्रोएशिया त्याचाच एक भाग, आणि तिथे मधला लाल तारा नसलेला क्रोएशियन झेंडा फडकवला तर पोलीस उचलून न्यायचे. देश सोडून ऑस्ट्रेलियात आलेल्या माणसाला इथल्या सरकारी कागदावर काय लिहिलं जायचं, तर युगोस्लाव्ह. म्हणजे घर सुटलं, भाषा सुटली, आणि नवीन देशातही आपण कोण हे दुसराच कोणीतरी ठरवणार. मग ही माणसं आपलं नाव लिहिणार कुठे? त्यांनी ते सॉकरच्या क्लबवर लिहिलं. क्रोएशिया देश व्हायच्या जवळजवळ ४० वर्षं आधी मेलबर्नमध्ये क्रोएशियाची टीम दर आठवड्याला मैदानात उतरत होती.

हे किती जिवावरचं होतं याचं एक उदाहरण सांगतो. १९७७ मध्ये कॅनबेरात काही क्रोएशियन लोकांनी चक्क क्रोएशियाची एम्बसी उघडली, देश नसताना! ऑस्ट्रेलियन सरकारला ती बंद पाडायला वेगळा कायदा करावा लागला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसलो होतो.

आणि सॉकरच का, हेही समजून घ्यायला पाहिजे. इथे फूटी म्हणजे अंडाकृती बॉलचा ऑस्ट्रेलियन खेळ, तो इथल्या गोऱ्या लोकांचा, क्रिकेटही त्यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरीतून जे लोक आले ते गोल बॉल घेऊन आले आणि इथल्यांनी त्या खेळाला नावच ठेवलं वॉगबॉल. वॉग ही शिवी आहे, दक्षिण युरोपातून आलेल्या काळ्या केसांच्या लोकांना देत असत. तेव्हाचं सरकारी धोरणही असं की आलात ना, मग आता मुकाट्याने आमच्यासारखे व्हा. अशा वेळी क्लब म्हणजे नुसता खेळ कसा असेल? नवीन आलेल्या पोराला फॅक्टरीत चिकटवून देणं, भाड्याची खोली बघून देणं, लग्नं जमवणं, कोणी गेलं तर मयतीचे पैसे गोळा करणं, सगळं तिथेच. आपल्यातले जे लोक गिरणगावात गावकऱ्यांच्या खोलीत राहिलेत किंवा ज्यांचे आजोबा राहिलेत त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता हे सगळं गोड गोड होतं असं मी म्हणत नाही. मेलबर्नमध्ये युगोस्लाव्हियाच्या बाजूचा जस्ट नावाचा क्लब होता, सिडनीत युगाल होता, आणि ही माणसं समोरासमोर आली की मैदानावर युद्धच व्हायचं. १९७२ मध्ये मैदानातल्या दंग्यावरून मेलबर्नच्या क्रोएशिया क्लबला राज्याच्या लीगमधून हाकलून दिलं. मग त्यांनी एसेंडन लायन्स हा छोटा क्लब हाताशी धरला आणि एसेंडन क्रोएशिया म्हणून परत उभे राहिले. दुसरीकडे सरकार आणि पोलिसांचा संशय कायम मानेवर. १९७९ मध्ये सिडनी भागात सहा क्रोएशियन पुरुषांना बॉम्बच्या कटात पकडलं, १९८१ मध्ये प्रत्येकी १५ वर्षांची शिक्षा झाली, आणि साक्षीदारच युगोस्लाव्ह गुप्तहेर खात्याचा माणूस होता का, पुरावेच बनावट होते का, या शंकांवरून २०२२ मध्ये त्या खटल्याची नव्याने न्यायालयीन चौकशी करायचा आदेश निघाला. चाळीस वर्षांनी. तर अशा वातावरणात ज्यांची पोरं वाढली ती नावाला इतकी घट्ट का धरून बसतात हे मला तरी समजू शकतं.

नॅशनल सॉकर लीग १९७७ मध्ये सुरू झाली, पण या दोन्ही क्रोएशियन क्लबांना त्यात जागा मिळाली थेट १९८४ ला. आणि एकदा मिळाल्यावर त्यांनी काय केलं बघा. मेलबर्नवाल्यांनी ९४-९५ आणि ९५-९६ अशी लागोपाठ दोन वर्षं लीग जिंकली. तिथेच मार्क विडुका घडला, मेलबर्नमध्येच जन्मलेला, दोन सीझन टॉप स्कोअरर, मग झाग्रेबला गेला, पुढे सेल्टिक, लीड्स, २००० साली लिव्हरपूलविरुद्ध एकट्याने चार गोल मारून लीड्सला ४-३ ने जिंकून दिलेली मॅच तर आजही लोक यूट्यूबवर बघतात. त्याला विकून आलेल्या पैशातून क्लबने स्टँड उभा केला, तोच तो मार्क विडुका स्टँड, ज्याच्या बाकावर बसून मी आणि लेकाने कबाब खाल्ले. सिडनीवाल्यांकडून टोनी पोपोविच, झेल्को कलाच, जेसन कुलिना आणि मिले येडिनाक आले. २००६ च्या वर्ल्डकपला ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन विडुका, २०१४ आणि २०१८ ला येडिनाक. म्हणजे दोन क्रोएशियन क्लबांमधून तीन वर्ल्डकपचे कॅप्टन! २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीत होंडुरासला ३-१ हरवून ऑस्ट्रेलिया रशियाला गेली तेव्हा तिन्ही गोल येडिनाकचे होते. ज्यांना म्हणायचे की हे लोक इथे मिसळत नाहीत, त्यांनी सगळ्या देशाची जर्सी घालून देशाला वर्ल्डकपला नेलं, यापेक्षा मिसळणं अजून काय असतं?

२००६ मध्येच स्टुटगार्टला ऑस्ट्रेलिया विरुद्ध क्रोएशिया मॅच झाली. एका बाजूच्या संघात विडुका, पोपोविच, स्कोको, कुलिना, गोलमध्ये कलाच. दुसऱ्या बाजूला क्रोएशियाच्या संघात ऑस्ट्रेलियात जन्मलेले तिघं, त्यातला योसिप शिमुनिच कॅनबेराचा आणि मेलबर्न नाइट्सकडून खेळलेला. रेफरी ग्रॅहम पोलने शिमुनिचला एकाच मॅचमध्ये तीन पिवळी कार्डं दाखवली, कारण त्याला दाखवलेलं एक कार्ड चुकून ऑस्ट्रेलियाच्या तीन नंबरच्या खेळाडूच्या नावावर लिहिलं गेलं. लोक ती मॅच रेफरीची फजिती म्हणून लक्षात ठेवतात, मला मात्र वाटतं त्या रेफरीच्या वहीत जे झालं तेच या लोकांचं आयुष्य आहे, कोणाला कुठल्या रकान्यात लिहायचं हेच कळत नाही. २-२ झाली ती मॅच आणि ऑस्ट्रेलिया पुढच्या फेरीत गेली. त्या रात्री सनशाइनमधल्या घराघरात काय झालं असेल, कोणाच्या बाजूने ओरडायचं यावरून बापलेकात किती भांडणं झाली असतील याची कल्पना करून बघा.

आता नावाचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लीगने दबाव आणला की ही परकी नावं काढा, त्यामुळे सामान्य ऑस्ट्रेलियन माणूस स्टेडियममध्ये येत नाही, टीव्हीवाले पैसे देत नाहीत. सिडनी क्रोएशियाचं सिडनी युनायटेड झालं, मेलबर्न क्रोएशियाचं नाइट्स झालं, प्रेस्टन मकेडोनियाचं प्रेस्टन लायन्स, साउथ मेलबर्न हेलास (हेलास म्हणजे ग्रीस) नुसतंच साउथ मेलबर्न. १९९६ च्या सुमाराला तर लोगोमधून चिन्हंसुद्धा काढायला सांगितली. आणि एवढं करून सामान्य ऑस्ट्रेलियन माणूस आला का? नाही आला. २००४ मध्ये लीगच बंद पडली. पुढच्या वर्षी ए-लीग ही नवी राष्ट्रीय लीग आली, त्यात बरेचसे नवे क्लब, बहुतेक शहरांना एकच, आणि ज्यांनी ५० वर्षं हा खेळ या देशात जिवंत ठेवला त्यांना राज्यपातळीवर ढकलून दिलं. म्हणजे आधी नाव काढलं आणि मग जागाही काढली.

मला एक गोष्ट फार लागते. ए-लीगमधले ब्रिस्बेन रोअर ऑरेंज रंगात खेळतात तो ऑरेंज आला कुठून? डच लोकांनी १९५७ मध्ये काढलेल्या हॉलंडिया नावाच्या क्लबकडून, तोच पुढे क्वीन्सलँड लायन्स झाला आणि त्यातून रोअर आलं. तो रंग चालला. कारण बघणाऱ्याला तो परका वाटला नाही. क्रोएशियन झेंड्यावरची लाल-पांढऱ्या चौकोनांची नक्षी मात्र टोचली.

२०१४ साली तर कहर झाला. फुटबॉल फेडरेशनने नॅशनल क्लब आयडेंटिटी पॉलिसी आणली, नव्या क्लबच्या नावात किंवा लोगोत कुठल्याही वंशाचा, देशाचा, धर्माचा उल्लेख नको, जुन्या क्लबाला नाव बदलायचं असेल तर त्यालाही तेच. त्याच वर्षी नाइट्सना कपच्या मॅचसाठी जर्सीवर मेलबर्न क्रोएशिया सोशल क्लबचं नाव स्पॉन्सर म्हणून टाकायचं होतं, म्हणजे पैसे स्वतःच्याच लोकांचे, तरी फेडरेशन म्हणालं नाही. क्लब मानवाधिकार आयोगाकडे गेला. आणि आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट ऐका. त्याच २०१४ मध्ये अबू धाबीच्या मालकीच्या ग्रुपने ए-लीगमधला मेलबर्न हार्ट विकत घेतला आणि त्याचं नाव मेलबर्न सिटी करून टाकलं, मँचेस्टर सिटीच्या साच्यातलं. ते चाललं! हजारो मैलांवरून आलेल्या पैशाने क्लबचं नाव बदललं ते आधुनिकीकरण, आणि सनशाइनच्या फॅक्टरी कामगारांच्या पोरांनी आपल्या आजोबांचं नाव छातीवर मागितलं तो फुटीरपणा. मला हे कोणी नीट समजावून द्यावं, मी ऐकायला तयार आहे.

ती पॉलिसी २०१९ मध्ये मागे घेतली आणि त्या जागी थोडी समजूतदार तत्त्वं आली. म्हणजे पाच वर्षांनी का होईना फेडरेशनलाच कळलं की हे टिकणारं नाही. पण तीस वर्षांत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

इथे काही जण लगेच म्हणतील की नावं वरून लादणं वाईट आणि वरून काढणं चांगलं असं कुठे असतं, आणि ते बरोबरच म्हणतील, म्हणून खुद्द क्रोएशियातलं उदाहरण देतो. स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुजमनच्या काळात झाग्रेबच्या प्रसिद्ध दिनामो क्लबचं नाव बदलून क्रोएशिया झाग्रेब केलं, कारण दिनामो म्हणे कम्युनिस्ट वाटतं. आता त्या क्लबचे फॅन्स किती राष्ट्रवादी हे सांगायला नको, तरी तेच फॅन्स वर्षानुवर्षं भांडले की आम्हाला आमचं दिनामो परत द्या. २००० साली ते परत मिळालं. विडुका मेलबर्न क्रोएशियातून गेला तो नेमका याच झाग्रेबच्या क्रोएशियात. म्हणजे मेलबर्नमध्ये लोकांना क्रोएशिया नाव हवं होतं तर काढून घेतलं, झाग्रेबमध्ये नको होतं तर चिकटवलं, आणि दोन्ही ठिकाणी वर बसलेल्या माणसाने ठरवलं. टोरांटोची गोष्टही अशीच. तिथल्या क्रोएशियन क्लबने पैसे घालून बुडता प्रोफेशनल क्लब वाचवला, टोरांटो मेट्रोज-क्रोएशिया नावाने १९७६ ची अमेरिकन लीग जिंकली, टीममध्ये पोर्तुगालचा साक्षात युसेबिओ, आणि लीगवाल्यांना त्या नावाचं ओझंच वाटत होतं. चॅम्पियन टीमच्या नावाची लाज वाटणारी लीग, कशी टिकेल ती?

आता या प्रकरणाची दुसरी बाजू, आणि ती मी टाळणार नाही, कारण ती टाळणारे क्लबवालेच मला जास्त खटकतात.

१ ऑक्टोबर २०२२. ऑस्ट्रेलिया कपची फायनल, पॅरामाटाच्या स्टेडियममध्ये, सिडनी युनायटेड ५८ विरुद्ध ए-लीगमधला मॅकार्थर. २०१४ मध्ये हा कप सुरू झाल्यापासून ए-लीगबाहेरचा क्लब फायनलला पोचायची पहिलीच वेळ. अख्ख्या देशातल्या जुन्या क्लबांसाठी तो दिवाळीचा दिवस होता, बघा, आम्हाला खाली ढकललंत आणि आम्ही इथवर आलो. आणि त्या दिवशी स्टँडमधल्या काही लोकांनी काय केलं, तर मॅचआधी आदिवासी समाजातर्फे जे स्वागत होतं, वेलकम टू कंट्री, त्याच्यात आरडाओरडा करून हुर्यो उडवली, नाझी सलाम ठोकले, आणि १९४१ ते ४५ मधल्या उस्ताशा राजवटीची घोषणा दिली. उस्ताशा म्हणजे हिटलरच्या आश्रयाने चाललेलं क्रोएशियातलं सरकार, ज्यांनी सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना मारलं. त्यांच्या यासेनोवाट्स छावणीत मेलेल्यांपैकी ८० हजारांहून जास्त लोकांची नावं आजवर एकेक करून नोंदली गेली आहेत. लहान मुलं होती त्यात. मॅच २-० ने गेली, पण तो पराभव कोणाच्या लक्षात राहिला? लक्षात राहिले ते वर केलेले हात. फेडरेशनने क्लबला १५ हजार डॉलर दंड केला, पुन्हा झालं तर काय याची टांगती तलवार ठेवली, काही प्रेक्षकांवर आजन्म बंदी आली.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू का? ज्या लोकांचं पिढ्यान्‌पिढ्या म्हणणं आहे की आमचं नाव, आमची ओळख आमच्याकडून हिसकावली, त्यांच्यातल्या काहींनी, या जमिनीवर ज्यांचं सगळंच हिसकावलं गेलं त्या लोकांच्या दोन मिनिटांच्या स्वागताची टिंगल केली. याला माफी नाही. आणि हे एकदाच घडलं असंही नाही. आपल्या त्या तीन पिवळ्या कार्डवाल्या शिमुनिचने २०१३ मध्ये आइसलँडला हरवून वर्ल्डकपचं तिकीट मिळाल्यावर माइक हातात घेऊन स्टेडियमभर हीच घोषणा दिली, फिफाने दहा मॅचची बंदी घातली आणि तो २०१४ चा वर्ल्डकप हुकला. कॅनबेरात जन्मलेला माणूस. २००५ मध्ये सिडनी युनायटेड आणि सर्बियन लोकांच्या बॉनीरिग व्हाइट ईगल्सच्या मॅचला मारामाऱ्या झाल्या, त्याही इथेच जन्मलेल्या पोरांच्या.

हे असं का होतं यावर मी बराच विचार केलाय. १९४५ नंतर जे निर्वासित आले त्यात साधे शेतकरी होते, कोळी होते, टिटोला घाबरून पळालेले होते, आणि त्यात हरलेल्या राजवटीची माणसंही होती. मायदेश पुढे गेला, तिथे वाद झाले, पुस्तकं लिहिली गेली, कोर्टं बसली, पण इथे क्लबहाऊसच्या भिंतीवर घड्याळ ४५ सालावरच थांबलं. देश सोडलेल्या माणसाच्या डोक्यातला देश त्याने सोडला त्या दिवशीचाच राहतो, हे आपण परदेशातल्या मराठी लोकांनी तरी नाकारू नये, आपल्याकडेही मंडळात पंचवीस वर्षांपूर्वीचीच भांडणं चालतात. पण भांडण जुनं असणं वेगळं आणि खुन्यांची घोषणा नातवाला शिकवणं वेगळं.

तर मग नावबंदीवाले म्हणतात, बघा, आम्ही सांगत नव्हतो? ही नावं असली की हेच होणार. आणि इथेच त्यांचं सगळं म्हणणं ढासळतं असं मला वाटतं. २०२२ च्या त्या दिवशी क्लबच्या नावात क्रोएशिया शब्द नव्हता. तीस वर्षं नव्हता! एवढ्या वर्षांच्या बंदीनंतर जर सलाम ठोकणारी पोरं तयार होतात, तर औषध चुकलं हे डॉक्टरने मान्य करायला नको का? माझं म्हणणं तर असंय की औषधाने रोग वाढवला. कारण नाव काढल्यावर जी साधी माणसं होती, ज्यांना फक्त आपल्या गावची आठवण म्हणून नाव हवं होतं, ती हिरमुसून घरी बसली, आणि ज्यांना अपमानाचा झेंडा करायचा होता त्यांना झेंडा मिळाला. बंदी घातलेली गोष्ट कोपऱ्यात जाते आणि कोपऱ्यात सगळ्यात मोठ्याने ओरडणारा राजा होतो.

मराठी वाचकांच्या मनात इथे मुंबईची पेंटँग्युलर क्रिकेट स्पर्धा येईल, माझ्याही आली. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेले ते रेस्ट, अशा धर्मावर टीम. गांधीजींनी १९४० मध्ये त्याला उघड विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली, बरंच झालं. मग तोच न्याय इथे का नको? कारण तिथे टीममध्ये कोणी खेळायचं हेच धर्मावर ठरायचं. आपले सांगलीचे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ते रेस्टमध्ये, १९४३ च्या फायनलला हिंदूंविरुद्ध रेस्टच्या ३८७ पैकी ३०९ रन एकट्याने काढले. सॉमर्स स्ट्रीटवर तसं नाही, त्या रात्री मैदानातली निम्मी आडनावं क्रोएशियन नव्हती आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. क्लब कोणी उभा केला हे नाव सांगतं, कोणाला आत यायला बंदी आहे हे नाही सांगत. ज्या दिवशी एखादा क्लब रक्त बघून खेळाडू घेईल त्या दिवशी मी पहिला त्याच्या विरोधात उभा राहीन.

आता आमच्या मेलबर्नच्या वेस्टचंच बघा. मी टार्नीटला राहतो, आजूबाजूला पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी, फिलिपिनो, सुदानी, रोज नवीन घर उठतंय. आमच्यासाठी म्हणून ए-लीगने वेस्टर्न युनायटेड नावाचा क्लब बनवला, नावात कोणाचंच काही नाही, सगळ्यांचा, मोठं स्टेडियम बांधून देणार म्हणाले. ते मोठं स्टेडियम अजून झालेलं नाही, एक छोटं ग्राउंड झालं. २०२२ मध्ये टीम चॅम्पियन झाली आणि तरी आमच्या गल्लीत कोणी रस्त्यावर आलं नाही, मी स्वतः दुसऱ्या दिवशी फोनवर वाचलं. मग पैशाची बोंब झाली आणि २०२५-२६ चा सीझन ते खेळलेच नाहीत. त्याआधी गोल्ड कोस्ट युनायटेड, नॉर्थ क्वीन्सलँड फ्युरी, तीच गत. कोणाचंच नाव नसलेला क्लब बुडताना वाचवायला कोणीच येत नाही हो. उलट सनशाइन नॉर्थला अजून त्या काकू शुक्रवारी पैसे घेत उभ्या असतात, कारण त्यांच्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी घाम गाळून ती जागा उभी केलीय.

आमच्या मंडळाच्या नावात महाराष्ट्र आहे. गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घेतो, ढोल घराच्या गॅरेजमध्ये ठेवतो, आवाजाची तक्रार होते, सगळं होतं. उद्या कौन्सिलने म्हटलं की ग्राउंड देतो पण नावातून महाराष्ट्र काढा आणि वेस्टर्न टायगर्स ठेवा, तर आपल्याला कसं वाटेल? आणि त्याच वेळी आपल्यातल्या कोणी त्या मिरवणुकीत दुसऱ्या समाजाला मारा-कापाच्या घोषणा दिल्या तर आपण काय करणार, तो बाहेरचा होता म्हणून हात झटकणार? मला या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदमच द्यावीशी वाटतात, वेगवेगळी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. २०२५ पासून ऑस्ट्रेलियात दुसऱ्या स्तराची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झालीय, सिडनी युनायटेड ५८ तिच्या पहिल्या निवडलेल्या क्लबांपैकी आहे, म्हणजे वीस वर्षांनी दार परत उघडलंय. या वेळी फेडरेशनने नावावरून खुसपट काढू नये, सभासदांनी मतदान करून क्रोएशिया नाव परत मागितलं तर द्यावं. आणि क्लबाने पाहुण्यांसारखं वागू नये, यजमानासारखं वागावं. क्लबहाऊसच्या भिंतीवर त्या राजवटीची कुठलीही खूण दिसली तर ती उतरवावी, घोषणा देणाऱ्याला स्वतःच्या माणसांनी हात धरून गेटबाहेर काढावं, पोलिसांची वाट न बघता, मग तो अध्यक्षाचा पुतण्या का असेना. दंड भरून मोकळं होणं सोपं आहे, पंधरा हजार डॉलर दोन-तीन शनिवारी चेवापी विकून निघतील. आपल्या समाजात उभं राहून, आपल्याच भाषेत, हे आमचं नाही असं म्हणणं कठीण आहे, आणि ते फक्त तेच करू शकतात, फेडरेशन करू शकत नाही.

पुढच्या सीझनला लेकाला घेऊन मी परत जाणार आहे, त्याने आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय. क्रोएशिया क्रोएशिया ओरडले तर मीही ओरडेन, चांगलं ताल धरून ओरडतात ते. ती दुसरी घोषणा ऐकू आली तर मात्र मी उठून सरळ खाली क्लबच्या ऑफिसात जाईन आणि जो कोणी बसला असेल त्याला सांगेन की माझा मुलगा वर बसलाय, तुम्ही आता काय करणार ते मला सांगा.